सीडी वादक : तबकडी व ध्वनिधारिका यांची सुसंगतता

संहत तबकडीवर (सीडीवर) अंकीय स्वरूपात मुद्रित केलेला ध्वनी लेसर शलाकेच्या साहाय्याने वाचून त्याचे पुनरुत्पादन करणाऱ्या घरगुती उपकरणास सीडी वादक म्हणतात. एखादी तबकडी अशा वादकावर वाजेल की नाही, हे तीन गोष्टींवर ठरते : तबकडीवरून परत येणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण, तिच्यावरील माहितीची मांडणी आणि ध्वनी ज्या संकेतपद्धतीने साठविला आहे ती पद्धती. तबकड्यांचा आकार व मधले छिद्र सारखेच असल्याने यांतील कोणताही भेद डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे वादकाने तबकडी नाकारली, तर दोष यंत्राचा की तबकडीचा, हे सामान्य श्रोत्यास उमगत नाही.

ग्रामोफोनच्या काळी ही अडचण उघड स्वरूपाची होती. कोलकात्यात मुद्रित झालेली तबकडी असो की मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन कंपनीची ‘यंग इंडिया’ तबकडी असो, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या कोणत्याही यंत्रावर ती वाजे. पुढे ३३ १/३ व ४५ फेऱ्यांच्या सूक्ष्मखाचेच्या तबकड्या आल्यावर गती बदलणारी कळ व वेगळी सुई आवश्यक ठरली. परंतु चुकीच्या गतीने लावलेली तबकडीही बेसूर का होईना, वाजत असे. अंकीय तबकडीला असा मधला मार्ग नाही.

फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी १९८० मध्ये ठरविलेल्या आणि ‘रेड बुक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मानकानुसार तबकडीचा व्यास १२० मिमी. व जाडी १.२ मिमी. असते. पहिले वादक ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात विक्रीस आले. ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात; प्रत्येक नमुना १६ बिटांचा व वाहिन्या दोन. म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिटे होतात. मूळ मानकाप्रमाणे तबकडीवर सु. ७४ मिनिटांचा ध्वनी मावतो.

कारखान्यात ठशाने काढलेल्या तबकडीवर ॲल्युमिनियमचा थर असतो व त्यावर पडणाऱ्या ७८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचा बहुतांश भाग परत येतो. घरी मुद्रित करता येणाऱ्या सीडी-आरमध्ये खाचांऐवजी सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असून लेसरने तापविलेल्या जागा काळसर होतात. तिचे परावर्तन मूळ तबकडीच्या जवळपास असल्याने बहुतेक वादक ती वाचतात. पुनःपुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूचे परावर्तन मात्र केवळ १५ ते २५ टक्के असते. ही तबकडी १९९७ मध्ये आली. तत्पूर्वीच्या वादकांत एवढा क्षीण संकेत वर्धित करण्याची सोय नसल्याने ते तिला रिकामी समजतात. उलट ६५० नॅनोमीटरचा एकच लेसर असलेले आरंभीचे काही डीव्हीडी वादक सीडी-आर वाचू शकत नसत, कारण त्या तरंगलांबीला रंगद्रव्याचे परावर्तन अपुरे पडते.

मांडणीतील नेहमीचा दोष म्हणजे मुद्रण ‘समाप्त’ न करणे. तबकडीच्या आतील कडेला गीतांची सूची असते व वादक प्रथम तीच वाचतो. मुद्रणयंत्राने शेवटी ही सूची लिहिली नाही, तर गीते तबकडीवर असूनही साध्या वादकास ती सापडत नाहीत.

सर्वांत अधिक गोंधळ एमपी३ धारिकांमुळे झाला. या पद्धतीत मानवी कानास सहसा न जाणवणारे घटक वगळून ध्वनीचे संकोचन करतात. सेकंदाला १,२८,००० बिटे या दराने धारिका मूळच्या सु. १/११ होते आणि ७०० मेगाबाइटच्या तबकडीवर सु. १२ तासांचा ध्वनी मावतो. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १९५५ पासून वर्षभर प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’ची ५६ गीते एका साध्या ध्वनितबकडीवर मावणे शक्य नाही, एमपी३ तबकडीवर ती सहज मावतात. परंतु अशी तबकडी ही ध्वनितबकडी नसून संगणकीय माहितीची तबकडी होय. संकेत उलगडणारी मंडले नसलेला जुना वादक तिच्यापुढे मुका राहतो. वादकावर एमपी३ ची खूण असली, तरी एएसी किंवा फ्लॅक धारिका वाजेलच असे नाही. धारिकेच्या नावाचे शेपूट बदलल्याने तिचे अंतरंग बदलत नाही. तसेच एमपी३ वरून ध्वनितबकडी तयार केल्यास ती सर्वत्र वाजते, पण वगळलेले घटक परत येत नाहीत.

मराठी श्रोत्यांस आणखी एक अडचण येते. आयएसओ ९६६० या मानकाच्या पहिल्या स्तरात धारिकेच्या नावास रोमन मोठी अक्षरे, अंक व अधोरेषा एवढीच मुभा असून नाव आठ अक्षरांचे असते. देवनागरी नावे ‘जोलिएट’ या विस्तारात लिहिता येतात. मात्र अनेक वादकांच्या दर्शनपट्टीवर त्यांच्या जागी चौकटी उमटतात. नावाच्या आरंभी ०१, ०२ असे अंक घातल्यास निदान क्रम बिघडत नाही.

हवामानाचाही संबंध येतो. अंबा नदीच्या मुखाशी असलेल्या धरमतर खाडीचा परिसर, पेण व रोहे या भागांत पावसाळ्यात हवा अतिदमट असते. वादकाच्या भिंगावर बाष्प साचल्यास चांगली तबकडीही नाकारली जाते. यंत्र काही वेळ चालू ठेवल्यावर भिंग कोरडे होते. तबकडीच्या खालच्या बाजूचे बारीक ओरखडे दोषनिवारण संकेतामुळे बहुधा निभावतात. नावाच्या बाजूचा ओरखडा अधिक घातक असतो, कारण परावर्तक थर तेथे केवळ लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. लेप फुटला की दमट हवेत ॲल्युमिनियम गंजते. बॉलपेनने नाव लिहिणे याच कारणास्तव टाळावे.

२००० नंतरच्या दशकात अनेक कुटुंबांनी कॅसेटवरील भजने, कीर्तने व वडीलधाऱ्यांचे आवाज सीडी-आरवर उतरविले व कॅसेटी टाकून दिल्या. रंगद्रव्य ऊन व उष्णता यांनी फिके पडते, त्यामुळे या तबकड्या आता वादकांकडून नाकारल्या जाऊ लागल्या आहेत. नाकारलेली तबकडी नष्टच झाली असे मात्र नव्हे. तिची खालची बाजू मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे पुसावी व संगणकाच्या निरनिराळ्या चालकयंत्रांत, शक्य तितक्या मंद गतीने, ती वाचून पाहावी; एका यंत्रास न दिसणारी सूची दुसऱ्यास दिसते. वाचता आलेला ध्वनी संकोचन न करता दोन स्वतंत्र साधनांवर ठेवावा आणि वादकासाठी त्यावरून नवी तबकडी तयार करावी.