पिवळा शेचाळीस

सकाळी सातच्या शिफ्टला केंब्रिज चौकाकडून चिकलठाण्याच्या एमआयडीसीत वळणाऱ्या गर्दीत एखाद्या पल्सरच्या टाकीवर हमखास पिवळा 46 दिसतो. मागे मी नंबर प्लेट करायला रेडियमवाल्याकडे थांबलो होतो, तेव्हा तो हाच आकडा कापत होता. ब्लेडच्या टोकानं सहाच्या पोटातला गोल तुकडा अलगद उचलून त्यानं अंगठ्याला चिकटवला आणि गिऱ्हाइकाला विचारलं, "हा नंबर गाडीचा का माणसाचा रे?" पोरगं म्हणालं, "रेसवाल्याचा आहे."

रेसवाला म्हणजे व्हॅलेंतिनो रॉसी. जन्म 1979, उर्बिनोचा, वाढला जवळच्या ताव्हुलियात. 46 हा त्याचे वडील ग्राझियानो यांचा शर्यतीतला नंबर. विश्वविजेत्याला 1 लावायचा मान असतो, पण यानं तो कधी घेतला नाही.

1996 साली तो 125 सीसीत उतरला तो अॅप्रिलियावर. 1997 ला 125 चं आणि 1999 ला 250 चं विजेतेपद त्यानं मिळवलं, तेही अॅप्रिलियावरच. या कंपनीच्या काही गाड्या आज आपल्या बारामतीच्या पियाजिओ कारखान्यात बनतात, हे त्या पल्सरवाल्या पोराला सांगितलं तर तो गाडी बदलेल की काय! पुढे होंडावर 2001 ला 500 सीसी, आणि मोटोजीपी सुरू झाल्यावर 2002, 2003. पल्सर बाजारात आली तीही 2001 सालीच.

इथे रेडियमवाल्याचा प्रश्न खरा उभा राहतो. होंडा एवढी सरस होती की लोक म्हणू लागले, जिंकते ती गाडी, हा नुसता वर बसतो. सीएनसीवर जॉब चांगला उतरला की श्रेय मशीनला आणि रिजेक्शन निघालं की शिव्या ऑपरेटरला, हे एमआयडीसीत कोणाला नवीन आहे? रॉसीनं 2004 ला होंडा सोडून यामाहा धरली. यामाहाला 1992 नंतर मोठ्या गटाचं विजेतेपद मिळालं नव्हतं. जाताना त्यानं जेरेमी बर्जेस हा आपला मुख्य मेकॅनिक आणि त्याची माणसं सोबत नेली. हे शहाणपण मला त्याच्या वेगापेक्षा मोठं वाटतं. दक्षिण आफ्रिकेत वेल्कमला पहिल्याच शर्यतीत त्यानं मॅक्स बियाजीला मागे टाकलं आणि नंतर ट्रॅकच्या कडेला गाडी लावून तिचा मुका घेतला. त्या मोसमात नऊ शर्यती जिंकल्या, पुढच्यात अकरा, आणि दोन्ही वेळा विजेतेपद. 2008 आणि 2009 ची विजेतेपदंही यामाहावरच. एकूण नऊ.

म्हणजे माणूसच मोठा? थांबा. 2010 ला मुजेल्लोत त्याचं नडगीचं हाड मोडलं आणि सहा आठवड्यांत तो परत ट्रॅकवर आला, इथवर ठीक. पण 2011 ला तो डुकाटीत गेला. इटालियन गाडी, इटालियन रायडर, अख्खा देश वरातीला निघाल्यासारखा. बर्जेसही बरोबर होता. पण पुढचं चाक त्याला भरवसा देईना. केसी स्टोनर ज्या कंपनीच्या गाडीवर 2007 ला विश्वविजेता झाला होता, तिथे रॉसीला दोन मोसमांत एकही शर्यत जिंकता आली नाही. हात चांगला बसलेला कारागीरही नव्या मशीनवर अडतो, तसंच झालं.

2013 ला तो यामाहात परतला. 2015 चं विजेतेपद पाच गुणांनी हुकलं. सेपांगला मार्क मार्केझशी झालेल्या धुमश्चक्रीची शिक्षा म्हणून शेवटच्या शर्यतीत त्याला सगळ्यांच्या मागून निघावं लागलं. तरी चौथा आला. त्याचे चाहते अजून या विषयावर भांडतात. मी त्यात पडत नाही. शेवटचा विजय 2017 चा, अॅसेनला. 115 विजय खात्यात जमा करून 2021 च्या नोव्हेंबरात व्हॅलेन्सियाला तो थांबला. शेवटच्या शर्यतीत दहावा आला. जिंकला पेको बान्याया, त्याच्याच अकादमीतला पोरगा.

ही अकादमी म्हणजे ताव्हुलियातलं मातीचं रान. मास्तर पोरांबरोबर तिथे स्वतः गाडी आडवी घालतो. बान्याया 2022 आणि 2023 ला विश्वविजेता झाला, तो डुकाटीवर. 24 सप्टेंबर 2023 ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतात पहिल्यांदा मोटोजीपी झाली. ती आठ सेकंदांहून जास्त फरकानं जिंकणारा मार्को बेझेक्की अकादमीचाच, संघ रॉसीचाच, आणि गाडी पुन्हा डुकाटी. मास्तरला जिनं दाद दिली नाही, तीच शिष्यांच्या हाती निमूट पळाली.

बेझेक्कीच्या गाडीवर नंबर होता 72. परवा रेडियमवाल्याला विचारलं, 72 कोणी मागतं का? तो म्हणाला, "नाही बुवा. शेचाळीस सोडून पोरं फक्त देवाचं नाव नाहीतर आईबापाचं टाकतात."