वंशावळीचा शोध : पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘आपण मूळचे कुठले?’ या प्रश्नाला प्रत्येक घरात एक ठरलेले उत्तर असते : मूळ गाव, कुलदैवत आणि एखाद्या पराक्रमी पूर्वजाची गोष्ट. जुने कागद बाहेर निघाले की ही गोष्ट पुष्कळदा बदलते. कधी माहीत नसलेली भावकी सापडते, कधी कुणी नाव न घेतलेली पणजी. असा शोध घेणाऱ्यांना हमखास आडवे येणारे पाच गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज १ : आडनाव एक, म्हणजे कूळ एक.

वस्तुस्थिती : पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे ही आडनावे वतनावरून आली. ज्याच्याकडे वतन, त्याचे ते आडनाव. त्यामुळे दोन गावांतल्या कुलकर्ण्यांचे काही नाते असेलच असे नाही. उलट, एकाच घराण्याच्या शाखा वेगवेगळ्या आडनावांनी नांदतात. आडनाव बदलतेही : पेशव्यांचे मूळ आडनाव भट, नाना फडणविसांचे भानू. होळ गावावरून होळकर झाले. गोव्यात बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे किंवा पाद्र्याचे आडनाव मिळत असे, म्हणून सगळे डिसोझा एकमेकांचे नातलग नसतात.

गैरसमज २ : वंशावळीत आहेत तेवढीच माणसे घरात होती.

वस्तुस्थिती : छापील वंशावळी बहुतेक बाप-लेकांच्या असतात. लेकी, सुना, लहानपणी गेलेली मुले त्यांतून गळतात. ही माणसे जमिनीच्या कागदांत भेटतात. जुन्या सातबाऱ्यावर एखाद्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसले, तर थांबा. ती एकत्र कुटुंब मॅनेजरची खूण आहे. नाव एकट्या थोरल्याचे लागले असले, तरी त्याच्यामागे हिस्सेदार भाऊ असू शकतात. मग तलाठ्याकडचा फेरफार (गाव नमुना ६) आणि वारस नोंद (६ क) काढा. मृताची विधवा, दुसऱ्या लग्नाची मुले, सासरी गेलेल्या मुली तिथे नावानिशी सापडू शकतात. बहिणींनी लिहून दिलेल्या हक्कसोडपत्रावर त्यांची सासरची आडनावे आणि गावेही मिळतात. ज्या आत्याचा उल्लेख घरात कुणी केला नाही, तिच्या नातवंडांपर्यंत पोचायला एवढा धागा पुरतो.

गैरसमज ३ : वंशावळ म्हणजे रक्ताची अखंड साखळी.

वस्तुस्थिती : दत्तकाची प्रथा विसरून महाराष्ट्रातली वंशावळ वाचताच येत नाही. १८७५ मध्ये बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना ब्रिटिशांनी पदच्युत केले. त्यांच्या आधीचे राजे खंडेराव यांच्या विधवा जमनाबाईंना वारस निवडायचा होता. शोध पोचला नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी, शेती करणाऱ्या गायकवाडांच्या शाखेपर्यंत. तिथला गोपाळ दत्तक गेला आणि सयाजीराव तिसरे म्हणून गादीवर बसला. सामान्य घरांतही पुतण्या किंवा भावकीतला मुलगा दत्तक जाई. अशा नावापुढे जन्मकूळ आणि दत्तककूळ दोन्ही लिहावीत. त्यातले एकही खोटे नसते.

गैरसमज ४ : आमच्यासारख्या साध्या घरांच्या नोंदी नसतातच.

वस्तुस्थिती : गावचे जन्म-मृत्यूचे नोंदपुस्तक, म्हणजे कोतवाल बुक (गाव नमुना १४), राजा-रंक पाहत नाही. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचे नावच नसते, कारण बारसे व्हायचे असते. बापाचे नाव, तारीख आणि ‘मुलगा’ की ‘मुलगी’ यावरून माणूस ओळखावा लागतो. शाळेचे जनरल रजिस्टर आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या हेही मोठे आधार. कोकणातून मॉरिशसला करारावर गेलेल्या मजुरांची नावे, वय आणि जहाज यांच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत. अडचण असते ती मोडी लिपीची. तिचे वर्ग पुराभिलेख विभाग आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्याकडे भरतात. जुन्या कागदावर ‘रामजी बिन धोंडजी’ (धोंडजीचा मुलगा रामजी) वाचता आले की एक पिढी मागे जाता येते. कागदावर साल शकाचे असेल, तर त्यात ७८ मिळवून इसवी सन काढावा.

गैरसमज ५ : डीएनए चाचणी केली की सगळे उलगडते.

वस्तुस्थिती : प्रत्येक पिढीत आईकडून निम्मा आणि वडिलांकडून निम्मा डीएनए येतो. दहा पिढ्या मागे १०२४ पूर्वजांच्या जागा असतात, आणि त्यांतल्या अनेकांचा अंशही आपल्यात उरलेला नसतो. शिवाय जुळणी होते ती मुख्यतः त्याच कंपनीकडे चाचणी केलेल्यांशी. जवळचे नाते चाचणीतून खात्रीने कळते, पण मूळ गाव आणि पूर्वजांची नावे कागदांतच शोधावी लागतात. अनपेक्षित नाते निघाले, तर ते चारचौघांत सांगण्याआधी ज्यांच्याशी त्याचा संबंध आहे त्यांना विचारा.

सुरुवात घरातल्या सर्वांत वयस्क माणसापासून करा. आजीला तिच्या माहेरच्यांची नावे विचारा आणि ती त्याच दिवशी लिहून काढा. प्रत्येक नावापुढे ते कुठून मिळाले तेही नोंदवा. लेकी-सुनांना, दत्तकांना आणि दूर देशी गेलेल्यांना वगळू नका. कागद पुढच्या पिढीलाही मिळू शकतील, पण आजीच्या आठवणी आत्ताच विचारायला हव्यात.