सिंह, बेडूक आणि रोहित पक्षी

हिवाळ्यात ठाणे खाडीपासून उरणजवळच्या पाणजे पाणथळीपर्यंत रोहित पक्ष्यांची ये-जा सुरू होते. एका पायावर खुशाल उभे असलेले हे पक्षी नवी मुंबईतल्या उलव्याच्या मुलांना नवे नाहीत. २०१७ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी या उभं राहण्याचं रहस्य उलगडलं. एका पायावर असताना रोहित पक्ष्याचे सांधे असे काही बसतात, की स्नायूंना फारसं काम उरतच नाही. माणसाचं तसं नसतं. पाच वर्षांचं पोर ‘रोहित’ होऊन उभं राहिलं, की त्याचा घोटा डुगडुगतो, पायाची बोटं जमीन धरू पाहतात, हात आपोआप पसरतात. तोल सावरण्याची ही धडपड हाच एका पायावर करायच्या वृक्षासनातला खरा व्यायाम. म्हणून ‘हलू नकोस’ असं दटावण्यापेक्षा ‘वारा सुटलाय, सांभाळ!’ म्हणावं. मूल हलतं, हसतं आणि पुन्हा उभं राहतं.

उलव्याला अशा खेळाची गरज आहे. २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत लोकल आली. १२ जानेवारी २०२४ रोजी ती उरणपर्यंत वाढली आणि त्याच दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं. शेतांच्या आणि खाजणाच्या जागी टॉवर उभे राहिले, ठिकठिकाणची तरुण कुटुंबं राहायला आली. आईबाबा सकाळी लोकल गाठतात आणि दिवेलागणीनंतर परततात. मुलांचं अंगण म्हणजे सोसायटीचा पोडियम, आणि पावसाळ्यात तेही बंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी आणि पडद्यासमोरचा वेळ एका तासाच्या आत राहायला हवा. पाच वर्षांपुढच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हे गणित जुळवायचं, तर घरातच खेळ शोधावा लागतो.

तो योगात आधीपासूनच आहे. जगात जितके जीवजंतू तितकी आसनं, असं घेरंडसंहिता सांगते आणि त्यांतली ३२ निवडून देते. बेडूक, कासव, कोंबडा, मोर, उंट, मगर, टोळ, नाग, गरुड, मासा अशी सगळी जत्राच तिथे भरली आहे. मोठ्यांच्या वर्गात ही नावं नुसती पुकारली जातात. लहान मूल मात्र नाव ऐकताच तो प्राणी होतं. मंडूकासन म्हटल्यावर ते बसून कसं राहील? ते उडी मारणारच, आणि मारू द्यावी.

सिंहासनाचंच पाहा. मुलं वज्रासनात बसतात, तळवे गुडघ्यांवर, बोटं नख्यांसारखी फाकलेली. नाकाने लांब श्वास घ्यायचा, मग तोंड उघडून जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढायची, डोळे मोठे करायचे आणि घशातून ‘हाऽऽ’ करत श्वास सोडायचा. पहिल्या खेपेला कुणी लाजतं, कुणी नुसतंच ओरडतं. दुसऱ्या खेपेला सांगायचं, सिंह म्हातारा झालाय, त्याची गर्जना हळू पण लांबलचक. आता कुणीही न सांगता श्वास सोडण्याचा काळ वाढतो. श्वासावर लक्ष द्या, हे वाक्य सहा वर्षांच्या मुलाला कळत नाही, पण म्हातारा सिंह लगेच कळतो. भ्रामरीतला भुंगा हेच काम आणखी शांतपणे करतो.

मुलांपर्यंत व्यायाम पोहोचवण्याची धडपड महाराष्ट्रात जुनी आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शाळाशाळांतून सूर्यनमस्कार रुजवले. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी एकत्रितपणे करायच्या योगव्यायामांवर ‘यौगिक संघव्यायाम’ हे पुस्तक लिहिलं. रांगेत, आकड्यांवर, शिस्तीत करण्याची ती पद्धत मोठ्या मुलांना शोभते. बालवाडीतल्यांना ती लावली, की योग म्हणजे आणखी एक तास होऊन बसतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांच्या टप्प्यात खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. योगाला वेगळा न्याय का असावा?

घरच्यांनी मात्र बाकावर बसून फोटो काढू नयेत, खाली उतरावं. आई आणि मूल समोरासमोर बसून तळपाय टेकवून नौकासन करू शकतात. एकाचा तोल गेला की होडी बुडाली. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झाल्यावर उलव्यात विमानाचा खेळ शिकवावा लागत नाही. एक पाय मागे, हात पंखांसारखे, आणि धावपट्टी म्हणजे हॉलमधली सतरंजी.

आजीकडे तर खजिनाच असतो. मंगळागौरीतली बसफुगडी म्हणजे उकिडवं बसून एकेक पाय पुढे टाकायचा; मांड्या, घोटे आणि दम यांची परीक्षाच ती. कोंबडा, पिंगा, झिम्मा यांत तोल आहे, ताल आहे आणि श्वासही. आजीचे गुडघे कुरकुरत असतील, तर तिने खुर्चीत बसून टाळ्यांचा ठेका धरावा आणि चुकलेल्यांना बाद करावं. मुलगे लाजतात, पण स्पर्धा बाबांशी लागली की विसरतात.

काही गोष्टींना ठाम नकार हवा. लहान मुलांना शीर्षासन नको, श्वास रोखून धरणं नको. पाठीवर दाब देऊन कुणाला वाकवायचं नाही; मुलांचे सांधे लवचिक असले तरी हाडं अजून वाढीची असतात. जेवणानंतर निदान दोन तास जाऊ द्यावेत. पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने योगासनांना स्पर्धात्मक खेळाची मान्यता दिली आणि पुढे खेलो इंडिया युवा स्पर्धांतही ती आली. दहा-बारा वर्षांच्या मुलीला त्यात जावंसं वाटलं, तर तिला चांगला प्रशिक्षक शोधून द्यावा. चार वर्षांच्या भावाला तोवर बेडूकच राहू द्यावं.