छपरावरचे पाणी आधी धरा

तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. पुढे मोडकसागर आले, भातसा आले आणि आज मुंबईच्या पाण्यात सर्वांत मोठा वाटा भातसाचा आहे. तरी तानसा आणि भातसा ज्या तालुक्यात आहेत, त्या शहापूरच्या आणि शेजारच्या मुरबाडच्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. पाऊस मात्र वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो. सह्याद्रीच्या उताराचा कातळ तो फारसा मुरू देत नाही, ओढे दिवाळीनंतर आटू लागतात आणि विहिरी होळीपासून तळ गाठतात. अशा ठिकाणी ‘नळ बंद ठेवा’ हा सल्ला अपुरा आहे. डोक्यावरून हंडा आणणारी बाई मुळातच पाणी उधळत नाही. भांडी धुतलेले पाणी ती अळूला नाहीतर केळीला घालते. इथे पाणी वाचवायचे म्हणजे वापर आणखी आवळायचा नाही, पावसाळ्यातले पाणी उन्हाळ्यासाठी धरून ठेवायचे.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. तीस चौरस मीटरच्या पत्र्यावर दोन हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर साठ हजार लिटर. सगळे साठवायला मोठी टाकी लागेल, पण सगळे साठवण्याची गरजच नाही. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी सात लिटर धरले, तर पाच जणांना शंभर दिवसांसाठी साडेतीन हजार लिटर पुरते. धुण्याभांड्याला विहिरीचे गढूळ पाणी चालते. पिण्याचे तेवढे वेगळे ठेवले की टंचाईचा सर्वांत जाचक भाग सुटतो.

छपराचे पाणी घाण असते, ही शंका रास्त आहे. म्हणूनच पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यायचे. जून-जुलैच्या सरींनी छप्पर धुऊन निघाले की ऑगस्टमध्ये पन्हळ टाकीला जोडायची, तोंडाला बारीक जाळी लावायची आणि टाकी झाकून ठेवायची. उजेड आत गेला नाही तर शेवाळ धरत नाही, जाळीमुळे डास अंडी घालत नाहीत. पिण्यापूर्वी पाणी उकळावे किंवा क्लोरीन टाकावे, हे विहिरीच्या पाण्यालाही लागूच आहे.

आणखी एक आक्षेप जास्त टोकदार आहे: धरणे आमच्या जमिनीवर, पाणी शहराला आणि टाक्या आम्हीच बांधायच्या का? हा प्रश्न खोडून काढता येत नाही. जलजीवन मिशनने २०१९ पासून ग्रामीण माणसाला रोज ५५ लिटरचे माप लावले, महानगराचे माप १५० चे आहे. नळाची मागणी सोडण्याचे काहीच कारण नाही. पण धरणे खोऱ्यात आणि पाडे चढावर. तिथवर पाणी न्यायला पंप, वीज आणि देखभाल लागते, आणि यातले एक बिघडले की नळ कोरडा. टाकीला पंप लागत नाही, म्हणून नळ आल्यावरही ती उपयोगाची राहते. खर्च मात्र मजुरीवर जगणाऱ्या घराला झेपणारा नाही. तेव्हा सरकारी घरकुल मंजूर करतानाच पन्हळ आणि टाकी बांधकामाचा भाग धराव्यात. ज्या घराला छप्पर मिळते, त्याला त्या छपरावरचे पाणीही मिळायला हवे. ग्रामसभेत ही मागणी नळाच्या मागणीशेजारी मांडता येईल.