रजोनिवृत्ती, संप्रेरके आणि रक्तवाहिन्या

तरुण वयात स्त्रियांना हृदयविकाराचा झटका पुरुषांच्या तुलनेत कमी येतो. रजोनिवृत्तीनंतर हे संरक्षण हळूहळू ओसरते. त्याचे श्रेय बराच काळ इस्ट्रोजेन या संप्रेरकाला दिले गेले, आणि त्यात तथ्यही आहे. इस्ट्रोजेनच्या प्रभावाने रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशी अधिक नायट्रिक ऑक्साइड तयार करतात. त्यामुळे वाहिन्या लवचिक राहतात. मग शरीर जे बनवेनासे झाले ते गोळीवाटे द्यावे, म्हणजे हृदय सुरक्षित राहील, असा सरळ हिशेब मांडला गेला.

तो २००२ मध्ये कोलमडला. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकेतील चाचणीत १६,६०८ स्त्रिया होत्या. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन घेणाऱ्या गटात दर १० हजार स्त्रियांमागे वर्षाला हृदयविकाराच्या ७ आणि पक्षाघाताच्या ८ घटना जास्त आढळल्या. स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाणही वाढले. चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली आणि जगभर या उपचाराची धास्ती बसली. या गदारोळात एक बाब मागे पडली. सहभागी स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. बहुतेकींची पाळी जाऊन दशक उलटले होते.

धमनीत चरबीचे थर साचण्यापूर्वी दिलेले इस्ट्रोजेन आणि साचल्यानंतर दिलेले इस्ट्रोजेन यांचा परिणाम सारखा नसावा, अशी शंका त्यातून पुढे आली. 'एलिट' या ६४३ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पाळी थांबून सहा वर्षे न झालेल्या स्त्रियांमध्ये मानेतील धमनीची भिंत जाड होण्याचा वेग इस्ट्रोजेनमुळे मंदावला. दहा वर्षे उलटलेल्यांना असा लाभ झाला नाही. अर्थात येथे मोजली गेली ती भिंतीची जाडी, झटके नव्हेत. 'कीप्स' या दुसऱ्या चाचणीत तर नुकतीच रजोनिवृत्ती आलेल्या स्त्रियांमध्येही असा फरक दिसला नाही.

म्हणूनच केवळ हृदयरक्षणासाठी ही संप्रेरके घेण्याची शिफारस केली जात नाही. अंगातून गरम वाफा येणे, रात्री घामाने जाग येणे यांवर मात्र हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. गोळी यकृतातून जाताना रक्त गोठवणारे घटक वाढवते; त्वचेवर लावायच्या पट्टीत हा धोका कमी दिसतो. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली असल्यास हा उपचार सहसा टाळला जातो. इतरांनी तो साठीच्या आत किंवा पाळी थांबल्यापासून दहा वर्षांत सुरू करणे श्रेयस्कर मानले जाते. पाश्चात्त्य स्त्रियांची पाळी सरासरी ५१व्या वर्षी थांबते, भारतीय स्त्रियांची ४६-४७व्या वर्षी. त्यामुळे येथे ही दहा वर्षे साठीच्या बरीच आधी संपतात.