डबल स्टँड लावायला पैलवान कशाला हवा?

परवा इस्लामपूरच्या बाजारात भाजी घेत होते. एक तिशीची बाई स्कूटरवरून आली. गर्दीतून, हातगाड्या चुकवत, अगदी सराईतपणे. दुकानदार म्हणाला, "ताई, जागा कमी आहे, डबल स्टँडला लावा." झालं! तिचा चेहराच उतरला. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि कॉलेजच्या एका मुलाला हाक मारली, "दादा, जरा गाडी लावून देतोस का?"

मला हसू आलं. पण तिचं नाही, माझंच. चार वर्षं मीही हेच करत होते. गाडी चालवायची मी आणि लावायची दुसऱ्याने!

मैत्रिणींनो, 1972 साली लूना आली. 1984 साली कायनेटिक होंडा आली, तिला गिअर नव्हते आणि बटण दाबलं की ती सुरू व्हायची. किक मारायचा त्रास गेला, गिअरची भीती गेली. राहिला तो डबल स्टँड. गाडी शिकवताना तो आपल्याला कुणी शिकवतच नाही. "तू बाजूच्या स्टँडवर लाव, मी आल्यावर बघतो," एवढ्यावर भागतं.

माझंही भागत होतं. मग एका जुलैत व्हायचं ते झालं. आठ दिवस पावसाची झड. अंगणात आमच्याकडची काळी माती लोण्यासारखी मऊ झालेली. मी गाडी बाजूच्या स्टँडवर लावली आणि दुधाची किटली घेऊन आत गेले. एवढ्यात धाकटी हॉर्न वाजवायला गाडीवर चढली. स्टँडचं टोक मातीत रुतलं, गाडी कलंडली आणि तिचं पाऊल खाली सापडलं. नशीब, हाड मोडलं नाही; पण पंधरा दिवस पोर लंगडत होती. "डबल स्टँडला का नाही लावलीस?" हे ह्यांनी विचारलं, सासूबाईंनी विचारलं. "मला जमत नाही," हे उत्तर देताना मला फार लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन गॅरेज गाठलं. तिथले मामा माझी धडपड बघून म्हणाले, "वहिनी, हातानं वडताय कशाला? पायावर उभं ऱ्हावा की!"

जोर नको, वजन हवं

साधी स्कूटर 100 ते 110 किलोची असते. म्हणजे साखरेची दोन पोती! ती हातांनी उचलायला गेलात तर कंबर धरणारच. पण डबल स्टँड ही तरफ आहे. हापशाचा दांडा आठवा. जमिनीखालचं पाणी आपण मनगटाच्या जोराने वर काढतो का? दांड्यावर अंगाचा भार टाकतो. इथेही तसंच. पायाने दाबायचं, हातांनी फक्त तोल सांभाळायचा.

लावायची रीत

1. गाडी सपाट, टणक जागी आणा. इंजिन बंद करून किल्ली काढा. पिशव्या, किटली, डिकीतलं जड सामान आधी उतरवा. मोटारसायकल असेल तर न्यूट्रलमध्ये आहे ना ते पाहा.

2. गाडीच्या डाव्या बाजूला, गाडीकडे तोंड करून, अगदी जवळ उभ्या राहा. लांब राहिलात की गाडी अंगावर येते.

3. डाव्या हाताने डावी मूठ धरा आणि हँडल सरळ ठेवा. ब्रेक मात्र दाबू नका. गाडीला थोडं मागे सरकायचं असतं. उजव्या हाताने सीटच्या मागची धरायची दांडी पकडा.

4. बाजूचा स्टँड वर करा. उजव्या पायाने डबल स्टँड खाली दाबा. आता गाडी डावी-उजवीकडे हलकेच हलवून पाहा. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकल्याचं पायाला जाणवतं. बहुतेकींचं इथेच चुकतं. एकच पाय टेकलेला असताना कितीही जोर लावा, गाडी वर येत नाही, उलट कलंडते.

5. आता पाऊल स्टँडच्या दांडीवर घट्ट रोवा आणि जिन्याची पायरी चढावी तसा सगळा भार त्या पायावर टाका. उजव्या हाताने गाडीला वर आणि मागे नुसती दिशा द्या. पाठ ताठ हवी, श्वास रोखू नका. गाडी आपोआप मागे सरकून वर बसते.

सुरुवातीला घरातल्या कुणाला तरी पलीकडच्या बाजूने धरायला सांगा. आठ-दहा वेळा केलं की अंदाज येतो.

तरीही जड जात असेल तर एक युक्ती: मागच्या चाकाखाली बोटभर जाडीची लांबट फळी ठेवा आणि चाक तिच्यावर चढवा. गाडी आधीच तेवढी उंच होते, म्हणून कमी उचलावी लागते. फळी निसटणारी नको आणि स्टँडचे पाय मात्र जमिनीवरच हवेत.

काढताना

पुन्हा डावीकडेच उभ्या राहा, हात पूर्वीसारखेच. गाडी पुढे ढकला. मागचं चाक जमिनीला टेकलं की लगेच डावा ब्रेक दाबा, म्हणजे गाडी पुढे पळत नाही. मोटारसायकलला डावीकडे क्लच असतो. तिथे उजव्या हाताने पुढचा ब्रेक धरावा लागतो, हे विसरू नका. गाडीवर बसून हिसके देऊन स्टँड काढायची सवय चांगली नाही; स्टँडही ढिला होतो आणि तोलही जातो.

जागा पाहून

ओल्या मातीत शहाबादी फरशीचा सपाट तुकडा स्टँडखाली घ्या. दोन्ही पाय त्यावर मावतील एवढा हवा. चढ-उतार असेल तर गाडीचं तोंड चढाकडे करा. गाडी पुढे सरकली की डबल स्टँड दुमडतो, म्हणून उताराकडे तोंड केलेली गाडी निसटू शकते. फारच उतार असेल तर सरळ दुसरी जागा शोधा.

मागच्या चाकात हवा कमी असली की गाडी खाली बसते आणि स्टँड जड जातो. स्टँडच्या खिळीला गंज चढला तरी तेच. सर्व्हिसिंगला गाडी दिली की "स्टँडला ग्रीस लावा आणि स्प्रिंग बघा," असं आठवणीने सांगा. आपण सांगितलं नाही तर राहून जातं.

हे मात्र विसरू नका

• ओल्या किंवा गुळगुळीत स्लीपरने स्टँड दाबू नका. पाय सटकला की दांडी थेट नडगीवर बसते. मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट बरे.

• पदर खोचून घ्या, ओढणी पाठीमागे बांधा. डबल स्टँडवर गाडी चालू केली की मागचं चाक फिरू लागतं. पदर, वेणी आणि मुलांची बोटं त्यापासून लांब हवीत. अशा वेळी रेस वाढवू नका. गाडी स्टँडवरून सुटली तर ती सरळ पुढे झेपावते.

• डबल स्टँडवरची गाडी भक्कम असते, पण ती मुलांचा घोडा नव्हे.

• दिवस गेलेले असताना, पोटाच्या ऑपरेशननंतर, कंबरेचं किंवा अंग बाहेर येण्याचं दुखणं असेल तर हे काम करू नका. तेव्हा दुसऱ्याला हाक मारण्यात कमीपणा नाही.

• गाडी पडायला लागली तर तिला झेलू नका, बाजूला व्हा. पत्रा दुरुस्त होतो, पाठ होत नाही.

आता बाजूचा स्टँड वाईटच का? तसं नाही. टणक जमिनीवर पाच मिनिटांच्या कामाला तो ठीक आहे. पण रात्रभर, पावसात, किंवा मुलं आसपास खेळत असतील तिथे डबल स्टँडच हवा.

बाजारातल्या त्या बाईजवळ मी गेले आणि म्हटलं, "परत निघताना गाडी तुम्हीच काढायची, मी पलीकडून धरते." तिने काढली. मग म्हणाली, "थांबा, एकदा लावूनही बघते!" दुसऱ्या प्रयत्नात गाडी वर बसली. भाजीवाल्या मावशींनी मान डोलावली. पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी जास्तीची पडली, ती कशाबद्दल ते त्यांनाच ठाऊक!