सव्वापाच पौंडांची बंदूक

लष्करातल्या आचाऱ्याला बंदूक कशाला हवी? प्रश्न थट्टेचा वाटेल. परंतु १९४० साली अमेरिकेच्या सेनाधिकाऱ्यांपुढे तो गंभीरपणे उभा होता. युरोपात जर्मनांच्या चिलखती फौजा आघाडी फोडून थेट पिछाडीवर मुसंडी मारीत होत्या. त्यांचे छत्रीधारी सैनिक तर आकाशातूनच उतरत. अशा वेळी आचारी, मोटारचालक, तारायंत्री, गोलंदाज यांनी लढावे कशाने? कमरेच्या पिस्तुलाने लांबचा नेम साधत नसे, आणि साडेनऊ पौंडांची गॅरंड रायफल पाठीवर वागवून नित्याचे काम होत नसे. या दोहोंच्या मधले शस्त्र म्हणून १९४१ च्या ऑक्टोबरात ‘एम-१ कार्बाइन’ मुक्रर झाली. वजन सुमारे सव्वापाच पौंड, लांबी जेमतेम तीन फूट, पेटीत पंधरा गोळ्या. पुढे छत्रीधारी सैनिकांसाठी दुमडत्या दस्त्याचा नमुनाही निघाला.

या बंदुकीशी एका कैद्याचे नाव जोडले गेले आहे. १९२१ साली नॉर्थ कॅरोलिनात डेव्हिड मार्शल विल्यम्स याच्या चोरट्या दारूभट्टीवर छापा पडला. गोळीबारात ॲल पेट हा डेप्युटी शेरीफ ठार झाला. विल्यम्सने गुन्हा कबूल केला आणि तो तुरुंगात गेला. तेथल्या अधिकाऱ्याने त्याच्या हातातली कला ओळखून त्याला कारखान्यात काम करू दिले. तेथेच त्याला बंदुकीच्या नव्या यंत्ररचना सुचल्या. १९२९ मध्ये तो सुटला.

त्याची एक युक्ती कॅरम खेळणाऱ्यांना चटकन उमजेल. स्ट्रायकर सोंगटीला टोला देऊन थबकतो आणि सोंगटी पुढे धावते. तसेच येथे नळीतल्या वायूने ढकललेला चिमुकला दट्ट्या किंचित सरकून थांबतो. पण त्याच्या टोल्याने मागचा भाग वेगाने मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर फेकतो आणि परत येताना नवे काडतूस आत घालतो. त्यामुळे यंत्र आटोपशीर राहिले.

१९५२ साली ‘कार्बाइन विल्यम्स’ हा चित्रपट निघाला. जेम्स स्टुअर्टने नायक रंगवला, आणि ही बंदूक एकट्या विल्यम्सची, असा समज रूढ झाला. वस्तुतः विंचेस्टर कंपनीत ती घडवली ह्यूमेस्टन, रोमर आदी मंडळींनी. विल्यम्सचा दट्ट्या हा तिचा महत्त्वाचा, पण एक भाग. तिचे उत्पादनही अनेकांनी केले. टंकलेखन यंत्रांची अंडरवुड, हिशेबयंत्रांची आयबीएम, नाणे टाकताच गाणे वाजवणाऱ्या पेट्यांची रॉक-ओला, अशा कंपन्या कामाला लागल्या. युद्ध संपेपर्यंत साठ लाखांवर बंदुका तयार झाल्या!

हलकेपणाची किंमतही होतीच. कोरियाच्या युद्धात, १९५० च्या कडाक्याच्या हिवाळ्यात, ती अडकते, तिच्या गोळीने शत्रू पडत नाही, अशा तक्रारी सैनिकांनी केल्या. मदतनिसांसाठी घडलेल्या शस्त्राकडून आघाडीवरच्या रायफलीचे काम मागितले जात होते. तरीही व्हिएतनामपर्यंत ती अनेकांच्या खांद्यावर राहिली.

विल्यम्स १९७५ साली वारला. त्याच्या बुद्धीचे कौतुक जरूर व्हावे. मात्र त्या कौतुकात १९२१ च्या छाप्यावरून घरी न परतलेला ॲल पेट विसरला जाऊ नये. चित्रपटाच्या नावात जागा एकालाच असते. खऱ्या गोष्टीत दोघांनाही असली पाहिजे.